डिशला सावली

भागवत जेवायला बसला की त्याची आई नंदाबाई आधीच बजावायची, "पाणी, मीठ, चटणी, काय लागंल ते आत्ताच घे. मंग उठू नको." तरी तो उठायचाच. कधी मोबाइल बघायला, कधी दारातली मोटारसायकल सावलीत लावायला, कधी काही कारण नसताना. अर्धी भाकरी ताटात आणि हा ओसरीवर उभा. पिंपळगाव रेणुकाईत लहानपणापासून सगळे त्याला भिंगरी म्हणत. शाळेत गुरुजींनी एकदा त्याला बाकावर उभं केलं, तेव्हा पोरांनी तक्रार केली की ही शिक्षा नव्हे, बक्षीस आहे. खरी शिक्षा द्यायची तर ह्याला बसवा.

अशा माणसाला कामही तसंच मिळालं. दहावीनंतर तो घरोघर टीव्हीच्या डिश बसवू लागला. टेंभुर्णीपासून भोकरदनपर्यंत कुणाच्या गच्चीला जिना आहे आणि कुणाकडे शिडी शेजाऱ्याची आणावी लागते, हे त्याला पाठ झालं. मग अंबडला मोबाइलच्या टॉवरवर जनरेटर सांभाळायला गेला. तिथून जालन्यात एका ठेकेदाराकडे केबल जोडायचं काम शिकला. जमिनीखालची काचेची तार तुटली की तिची केसाएवढी टोकं यंत्रात धरून एकमेकांना चिकटवायची. ते हातात बसल्यावर ठेकेदार नेईल तिकडे गेला. चाकण झालं, सोलापूर झालं, पुन्हा जालना झालं. माणूस कामाला वाईट नव्हता, पण एका जागी सहा-आठ महिने काढले की त्याच्या अंगात काहीतरी वळवळायला लागायचं, आणि ठेकेदाराचा फोन आला की तो आधी हो म्हणायचा, मग घरी सांगायचा.

घरी म्हणजे वंदनाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाच्या बायकोला कुणी विचारत नाही. वंदनाला टीव्ही, मिक्सर, पंखा, डबे, अंथरुणं सगळं दर वेळी बांधावं लागे आणि दर वेळी सोडावं लागे. म्हणून तिनं एक सवय लावून घेतली होती. टीव्हीचं, मिक्सरचं, पंख्याचं, प्रत्येक वस्तूचं खोकं ती चपटं करून कपाटामागं उभं ठेवायची. एकदा सोलापूरला खोली चांगली मिळाली म्हणून तिनं हौसेनं सगळी खोकी रद्दीवाल्याला दिली, तर त्याच महिन्यात भागवत जालन्याला हो म्हणून बसला. तेव्हापासून खोकी टाकायची नाहीत, असा तिचा नेम होता. पोरगी अर्पिता पाचवीत जाईपर्यंत इतक्या शाळांतून फिरली की प्रार्थनेला उभी राहिली की शेजारच्या मुलीला हळूच विचारायची, इथं कोणती म्हणतात.

मग नंदाबाईचा गुडघा धरला आणि ही मंडळी पंधरा दिवसांसाठी म्हणून पिंपळगावला आली. गावात तेव्हा रेशमाचं वारं शिरलं होतं. ज्याच्या विहिरीला थोडं पाणी आहे त्यानं तुती लावलेली, शेतात शेड उभी केलेली, शेडमध्ये अळ्या पाला खातायत. पन्नासएक शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती आणि तिचा अध्यक्ष होता भागवतचा मामा, रामकिसन. गोड बोलून कामाला जुंपण्यात रामकिसनमामाचा हात कुणी धरला नसता. त्यानं भाच्याला ओसरीवरच गाठलं.

"भाचेबुवा, जगाच्या तारा जोडत फिरून राह्यले तुम्ही. जरा आपल्या गावची जोडा की."

कंपनीचं काम असं चाले. आठवड्यातून एक दिवस आजूबाजूच्या गावांतले शेतकरी कोष घेऊन यायचे. दुपारी लिलाव. पण बोली लावणारे व्यापारी इथं नसायचे. कुणी कर्नाटकात, कुणी बंगालात, आपापल्या दुकानी संगणकासमोर बसलेले. इकडे प्रियदर्शनी नावाची कंपनीची हिशेबनीस पडद्यावर ढिगाचा फोटो, वजन, प्रत टाकायची आणि तिकडून आकडे पडायचे. लांबचे व्यापारी आल्यामुळं भाव बरा मिळायचा. सगळा खेळ एका तारेवर. आणि कोष थांबत नाही, ही त्यातली खरी मेख. अळीनं कोष विणला की आठवडा-दहा दिवसांत आतलं पाखरू तो फोडून बाहेर येतं. फुटलेल्या कोषाचा धागा निघत नाही. लिलाव पडला तर पुढच्या आठवड्याला बघू, असं म्हणायची सोय नाही. म्हणून लिलावाच्या दिवशी लाइन चालू ठेवणं हे काम भागवतला दिलं.

आणि नवल म्हणजे तो टिकला. पंधरा दिवसांचे महिने झाले, महिन्यांची तीन वर्षं. लाइन हीच अशी वस्तू की ती माणसाला बसू देत नाही, म्हणून त्याला ती मानवली असावी. वंदनानं घरामागं छोटी शेड घातली आणि सासूसुना मिळून अळ्या पाळू लागल्या. अळीला उष्णता सोसत नाही. उन्हाळ्यात शेडभोवती ओली गोणपाटं टांगायची, ती सुकली की परत भिजवायची, हे वंदनाच्या इतकं अंगवळणी पडलं की उन्हात ठेवलेली कोणतीही वस्तू दिसली की तिचा हात गोणपाटाकडे जाई. अर्पिताला शाळेची प्रार्थना तोंडपाठ झाली. खोकी मात्र कपाटामागं तशीच होती.

बिघडलं ते रस्त्यानं. रुंदीकरणाचं काम निघालं आणि जेसीबी जिथं जमेल तिथं उकरत सुटला. तार आज इकडे तुटायची, उद्या तिकडे. मोबाइलचा नेट होता, पण वीज गेली की टॉवर थोड्या वेळात मान टाकायचा, आणि उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल ते विजेलाही माहीत नसतं. लागोपाठ दोन लिलाव मध्येच पडले. भागवत तुटलेली टोकं शोधत खड्ड्यात उतरला होता आणि इकडे एक जवळचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभाच. कोष फुटायला आलेत हे त्याला माहीत, त्यानं पाडून मागितले आणि लोकांनी मुकाट दिले. वर लांबच्या व्यापाऱ्यांचा निरोप आला की तुमच्या लिलावाचा भरवसा नाही. आणखी एकदा असं झालं तर आम्ही तुमच्या पडद्यावर बसायचे नाही.

सभा भरली. भागवतनं मोबाइलवर वाचून वाचून डोकं पिकवलं होतं. तो उभा राहिला, म्हणजे उभाच होता, बोलायला लागला. आता आभाळातून नेट मिळतो, म्हणाला. टीव्हीचा उपग्रह फार लांब असतो. हे खालून फिरणारे, जवळचे, म्हणून बोली जायला-यायला वेळ लागत नाही. जमिनीत तार नाही, मग जेसीबी तोडणार काय? तार राहू द्यायची, डिशही घ्यायची. दोन्ही एका डबीत आणून सोडायच्या, एक गेली की दुसरीनं धरायचं.

"खर्चा करू," रामकिसनमामा म्हणाला, "पण ह्याच्यानंबी लिलाव पडला तर?"

लोक बघत होते. त्यांचे दोन आठवड्यांचे कोष मातीमोल झाले होते आणि ते भागवतकडेच बघत होते. त्याला ते सहन झालं नाही.

"पडला तर मी गावात राहत न्हाई," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड घेऊन निघतो."

शब्द तोंडातून गेला. सभेतलं गावात पसरायला किती वेळ लागतो! वंदनाला तो पाण्याच्या टाकीवर कळला. ती घरी आली. कपाटामागची खोकी काढली, झटकली आणि अंगणात उन्हात उभी केली.

"हे काय करून राह्यली?" भागवतनं विचारलं.

"कसर लागली आसंल तर जाती उन्हानं," वंदना म्हणाली. "ऐन टायमाला फाटाया नको."

त्याला त्याच क्षणी मोटारसायकलीत पेट्रोल किती आहे ते बघायला जावंसं वाटलं, आणि तो गेला.

मे महिन्यात डिश आली. कंपनीचं ऑफिस गावच्या पिंपळाखाली, आणि पिंपळाला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती नाही. ह्या डिशला तर डोक्यावर उघडं आभाळ लागतं. ऑफिसच्या मागंच भागवतचं घर. त्याच्या गच्चीवर डिश बसवली आणि तार तिथून ऑफिसात नेली. पाटासारखी सपाट, पांढरी वस्तू. भागवतला सुरुवातीला चुकल्यासारखं झालं. टीव्हीच्या डिशला त्यानं जन्मभर एकाच दिशेला तोंड करून, कोन पकडून, नट आवळून टाकले होते. हिचं तसं नव्हतं. वरचे उपग्रह एकामागून एक येतात, काही मिनिटं दिसतात आणि सरकतात. एक मावळायच्या आत ही दुसऱ्याला धरते. त्यानं हे आईला समजावून सांगितलं.

नंदाबाईनं ऐकून घेतलं. "म्हंजी वर एकबी जागेवर बसत न्हाई," ती म्हणाली. "तुझेच भाऊबंद दिसतेत."

लिलावाच्या आदल्या दिवशी दुपारी भागवतनं मुद्दाम तार काढून डिशवर काम चालवून बघितलं. तासभर बरोबर चाललं. मग मोबाइलवर लाल अक्षरं आली की यंत्र फार तापलं आहे, आणि डिश गप्प झाली. बाहेर उन्हानं कावळ्याची चोच उघडी पडत होती. स्लॅबवर पाय ठेवला तर चटका बसत होता. उतरत्या उन्हात ती आपोआप सुरू झाली, पण लिलाव भर दुपारी असतो. भागवतच्या तोंडचं पाणी पळालं. तो गच्चीवर गेला, खाली आला, पुन्हा गेला. रात्री ताटावरून दोनदा उठला.

"काय झालंय तिला?" वंदनानं विचारलं.

"तापती," तो म्हणाला, आणि ताट सरकवून बाहेर गेला. तापती म्हणजे काय, तिला काय चालतं, काय चालत नाही, हे सांगायला तो थांबला नाही. थांबला असता तर पुढचं टळलं असतं. पण मग तो भागवत कसला?

सकाळी त्यानं ठरवलं की आज तार तुटूच द्यायची नाही, म्हणजे डिशवर वेळ यायची नाही. तो मोटारसायकल काढून रस्त्याच्या कामावर गेला आणि जेसीबीवाल्याच्या समोर उभा राहिला. इथं खाली तार आहे, इथं नको, थोडं पलीकडे. जेसीबीवाला बिचारा वैतागून चहाला निघून गेला. भागवतला बरं वाटलं. दुपार झाली, लिलाव सुरू झाल्याचा निरोप आला, तरी तो तिथंच येरझाऱ्या घालत होता. आणि तार तुटली ती तिथं नाहीच. चार किलोमीटर अलीकडे, खडी घेऊन आलेल्या एका हायवा ट्रकनं मागं घेताना खांब पाडला आणि त्या खांबावरून गेलेली तार घेऊन तो खांब आडवा झाला.

प्रियदर्शनीचा फोन आला. "भागवतभाऊ, तार गेल्ती, पण डिशनं धरलं व्हतं. दोन ढीग गेले बी. आता डिशबी गेली. पडदा गोल गोल फिरून राह्यला."

"तापली का?"

"लाल न्हाई दाखवत. आभाळ दिसत न्हाई म्हणती."

आभाळ दिसत नाही? मे महिन्यात, वर ढगाचा ठिपकाही नसताना? भागवतनं मोटारसायकल अशी हाणली की रस्त्यातली कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नसेल. ऑफिससमोर शेतकरी आपापल्या क्रेटजवळ उभे होते. टेम्पोवाला व्यापारी पिंपळाच्या पारावर बसून सुपारी कातरत होता. मामा म्हणाला, "व्यापारी थांबलेत. पंधरा-वीस मिनिटं थांबतो म्हणले." भागवत न थांबता घराकडे धावला आणि जिना चढून गच्चीवर आला.

गच्चीवर मांडव घातला होता. चार बांबू, वर आडव्या काठ्या, आणि त्यावर चांगली दुहेरी, थबथबलेली गोणपाटं. मांडवाखाली, थंडगार ओल्या अंधारात, डिश ठेवलेली. शेजारी बादली आणि तांब्या घेऊन वंदना उभी, घामानं चिंब. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की आता कशी तापते बघू.

"काय केलं हे?" भागवत म्हणाला.

"तापती म्हणले ना तुम्ही," ती म्हणाली. "शेडवानी गार करून ठिवली. आता बिलकुल तापायची न्हाई."

तो गोणपाटं ओढून खाली टाकू लागला. सुकं कापड एक वेळ चाललं असतं, पण पाणी ह्या डिशला आंधळं करतं, आणि तिनं तर दोन पदरी पाणी टांगलं होतं. वंदना बघत राहिली. हळूहळू तिच्या लक्षात आलं. ज्या बाईला हे गाव सोडायचं नव्हतं, जिनं ते कुणाला एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं, तिच्याच हातानं लिलाव पडला होता. ती बादली खाली ठेवायचीही विसरली.

"माझ्यानं झालं का?" तिनं विचारलं.

भागवतच्या जिभेवर हो आलं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं. भर उन्हात बाईनं एकटीनं बांबू उभे केले होते. ही इथं राबत होती तेव्हा आपण तिकडे लांब रस्त्यावर त्या जेसीबीशी हुज्जत घालत होतो, आणि काल रात्री तिनं विचारलं तेव्हा एक शब्द टाकून उठून गेलो होतो. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"सांगायचं माझ्याकडनंच ऱ्हायलं," तो म्हणाला. "तिला वरून काही नको. बाजूनं सावली पायजे."

डिशनं आभाळ शोधायला सुरुवात केली. खालून प्रियदर्शनी ओरडली की आलं. पण सूर्य पश्चिमेला कलला होता आणि त्याचं ऊन सरळ डिशवर पडत होतं. असंच राहिलं तर ती कालच्यासारखी तापून बसणार, आणि अजून निम्म्याहून जास्त ढीग बाकी होते. बांबू आता पुन्हा रोवायला वेळ नव्हता. दोरीवर नंदाबाईचं नऊवारी लुगडं वाळत होतं, खडखडीत सुकलेलं. भागवतनं ते ओढलं, एक टोक वंदनाच्या हातात दिलं, दुसरं आपण घेतलं. दोघं डिशच्या पश्चिमेला, थोडं अंतर सोडून, लुगडं ताणून उभे राहिले. वर आभाळ मोकळं, आणि लुगड्याची सावली डिशवर. लुगडं घेताना खाली ठेवलेली बादली वंदनानं पायानंच कलंडवली; पाणी तापलेल्या स्लॅबवर सळसळत गेलं.

"हलायचं न्हाई," भागवत म्हणाला. "सावली सरकली की ऊन लागतं, आन् फार जवळ गेलो की आभाळ झाकतं."

हे तो कुणाला सांगत होता? वंदना खांबासारखी उभी होती. त्याचाच डावा पाय वळवळत होता. दोन्ही हात वर, हातात लुगड्याची टोकं, मोबाइल खिशात. खाली काय चाललंय कळायला मार्ग नाही. पिंपळाखालून लोकांचा गलका यायचा आणि थांबायचा. गलका चांगला की थांबणं चांगलं, हेही कळेना. जन्मात पहिल्यांदा लाइन चालू आहे की बंद हे त्याला बघता येत नव्हतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते लोक बोलतात; भागवत ते हातात धरून उभा होता.

"एक इचारू का?" वंदना म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. एरवी तुम्ही सापडता कुठं?"

त्यानं लुगडं आणखी ताणून धरलं.

"सभंत म्हणले ते. लिलाव पडला तर गाव सोडतो. कोण सोडणार व्हतं? तुम्ही एकलेच?"

"तसं न्हाई. आपण सगळेच."

"मंग सगळ्यांना इचारलं व्हतं का?"

अशा वेळी भागवतला नेहमी काहीतरी आठवायचं. पेट्रोल, टॉवर, मामाचं काम. आताही त्याचं अंग उठून जायला तयार झालं. पण लुगडं सोडलं असतं तर सावली गेली असती. तो जागेवरच राहिला. लग्नात दोघांच्या मध्ये अंतरपाट धरतात तेव्हा तो इतर लोक धरतात; इथं तो दोघांनाच धरावा लागला होता, आणि मंगलाष्टकं वंदना एकटी म्हणत होती.

"न्हाई इचारलं," तो म्हणाला.

"अर्पिता परवा म्हणली, मम्मी, नव्या शाळंत प्रार्थना कोणती आसंल? म्या काय सांगावं तिला?"

घाम डोळ्यांत गेला होता आणि पुसायला हात नव्हता.

तेवढ्यात खिशात फोन वाजू लागला. भागवत म्हणजे फोनची दुसरी घंटा होऊ न देणारा माणूस. घंटा पूर्ण वाजून थांबली, पुन्हा सुरू झाली. लाइन गेली असेल? व्यापारी उठून गेले असतील? त्याचा खांदा फोनकडे झुकला आणि लगेच डिशच्या कडेवर उन्हाची पट्टी आली.

"सावली," वंदना म्हणाली.

तो सरळ झाला. फोन वाजून वाजून थकला.

"आता काय करू, सांग," तो म्हणाला. हे त्यानं फोनबद्दल म्हटलं की गावाबद्दल, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"काई करू नका," वंदना म्हणाली. "हो म्हणायच्या आधी घरी इचारत जा. येवढंच."

मग दोघं नुसतीच उभी राहिली. ऊन उतरत होतं तसतशी ती थोडी थोडी सरकत होती, दोघं एकदमच. भागवतचा पाय वळवळायचा कधी थांबला ते त्याला कळलं नाही. जिन्यावर पावलं वाजली आणि प्रियदर्शनी धापा टाकत वर आली. समोरचं दृश्य बघून ती जिन्यातच थांबली.

"भागवतभाऊ, सोडा आता ते," ती म्हणाली. "कवाच संपला लिलाव. सगळे ढीग गेले. म्या फोन करून राह्यले तर तुम्ही उचलून न्हाई राह्यले."

हात खाली घ्यायचे म्हटले तर खांदे ऐकेनात. वंदनानं आधी आपलं टोक सोडलं, मग त्याच्या हातातलं सोडवून घेतलं, आणि लुगड्याची नीट घडी घातली. खाली टेम्पोवाला व्यापारी रिकामा टेम्पो सुरू करत होता.

पुढं गच्चीवर पश्चिमेच्या बाजूला विटांची अर्धी भिंत झाली, चुना लावून पांढरी केली, आणि डिशखाली लोखंडी घडवंची आली. त्या उन्हाळ्यात तार अजून पुष्कळदा तुटली. आता पिंपळाखाली बसलेल्या लोकांना ती तुटल्याचं कळतही नसे. पडदा जरा अडखळायचा आणि चालू लागायचा. पुढच्या सभेत रामकिसनमामानं डोळे मिचकावून विचारलं, "काय भाचेबुवा, पडला असता तर खरंच गेले असते का?" भागवतनं बायकांच्या बाजूला वंदनाकडे बघितलं. "ते मी घरी न इचारता बोल्लो व्हतो," तो म्हणाला. "ते धरू नका." लोक हसले. नंदाबाई सगळ्यात मोठ्यानं हसली.

पण भिंगरी ती भिंगरीच. थंडी पडली, लाइन नीट चालू लागली, आणि काम नीट चालू लागलं की भागवतला करमेना. तशात एका सकाळी जुन्या ठेकेदाराचा फोन आला. नांदेडकडे मोठं काम निघालंय, तुझ्यासारखा हात पाहिजे. भागवतच्या तोंडात हो आलं होतं. ते त्यानं गिळलं. "घरी इचारून सांगतो," म्हणाला. एवढं म्हणाला खरं, पण अंगात ते जुनं वळवळणं सुरू झालंच होतं. विचारायच्या आधी एकदा बघून तरी ठेवावं, म्हणून तो घरात आला आणि कपाटामागं हात घातला. हाताला भिंत लागली. कपाट थोडं सरकवून बघितलं. टीव्हीचं नाही, मिक्सरचं नाही, पंख्याचं नाही. डिशचं नवं कोरं खोकं होतं, तेही नाही.

"खोकी कुठंयेत?" त्यानं हाक मारून विचारलं. "डिशचं खोकं वॉरंटीला लागतं."

वंदना परसात बंबापाशी होती. बंबातून पांढरा धूर निघत होता आणि खाली जाडजूड पुठ्ठ्याचा एक कोपरा, टीव्हीचं अर्धं चित्र असलेला, अजून जळायचा राहिला होता. तिनं तो फुंकणीनं आत सारला.

"पाणी तापलंय," ती म्हणाली. "आंघोळ करून घ्या."

भागवत बादली घेऊन मोरीत गेला आणि दगडावर बसला. पाणी चांगलं कढत होतं. बाहेर फोन वाजला. अर्पितानं तो घेतला, "पप्पा आंघोळ करून राह्यले" म्हणून सांगितलं आणि ठेवून दिला. आत तो बराच वेळ बसून राहिला.